शाळेची रिक्षा आणि फर्ज-ए-किफाया

आपल्या घरांत 'अमानत' हा शब्द मोठ्या अदबीने उच्चारला जातो. हजला निघालेली शेजारीण आपले दागिने ठेवायला देते, तेव्हा घरातली वडीलधारी बाई ते चार माणसांसमोर मोजून घेते. बांगड्या किती, वजन किती, डबा कोणता, कपाटाची किल्ली कोणाकडे, सगळे ठरते. कोणीतरी कागदावर लिहून ठेवते. शेजारीण परत येईपर्यंत त्या कपाटाकडे घरातल्या पोरांना फिरकूही दिले जात नाही. अमानतीत खयानत होऊ नये ही धास्ती आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे.

त्याच घरातून सकाळी पावणेसातला सहा वर्षांचे मूल बाहेर पडते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी असते. मूल आत सरकवले जाते, दप्तर बाहेरच्या हुकाला अडकते, आई हात हलवते आणि रिक्षा निघून जाते. आत आधीच किती मुले बसली होती हे कोणी मोजत नाही. चालकाचे पूर्ण नाव बहुतेक घरांत ठाऊक नसते. तो 'रिक्षावाले चाचा' असतो, आणि तेवढे पुरते. त्याच्या गाडीचे पासिंग कधी संपते, त्याच्याकडे बिल्ला आहे का, ब्रेकचे काम शेवटी कधी केले, तो आजारी पडला तर गाडी कोण चालवतो, यातला एकही प्रश्न विचारला जात नाही. शेजारणीच्या चार बांगड्यांसाठी जेवढी चौकशी होते तेवढीही पोटच्या पोरासाठी होत नाही, हे जरा चमत्कारिक नाही काय?

यावर कोणी म्हणेल की यात आईबापांचे प्रेम कमी असते असे थोडेच आहे? मुळीच नाही. प्रेमाचा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की घराचा उंबरठा आणि शाळेचे फाटक यांच्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात ते मूल कोणाचे असते? कोणाच्या हवाली असते? या लेखात आम्ही एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. वरवर तो वाहतुकीचा आणि नियमांचा वाटतो. आम्हाला तो आधी नीतीचा वाटतो.

पुण्याचे उदाहरण घेऊ. कॅम्प, भवानी पेठ, गंज पेठेतला मोमीनपुरा या जुन्या वस्त्यांतून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत असंख्य मुस्लिम कुटुंबे कोंढव्याला राहायला गेली. जुन्या वाड्यात दोन खोल्यांत दहा माणसे राहत होती, तिकडे स्वतःचा फ्लॅट मिळाला. माणसे गेली, पण त्यांच्या मनातल्या शाळा कॅम्पातच राहिल्या. कोणाला उर्दू माध्यमाची जुनी, नावाजलेली शाळा हवी असते, कोणाला इंग्रजी माध्यमाची मिशनरी शाळा. अब्बा जिथे शिकले तिथेच मुलाने शिकावे असेही काहींना वाटते. म्हणून रोज सकाळी लुल्लानगरच्या चौकातून, गोळीबार मैदानावरून मुलांनी भरलेल्या रिक्षा आणि व्हॅन कॅम्पाकडे धावतात. पाच-सहा किलोमीटरचा रस्ता. त्याच रस्त्यावर त्याच वेळी कामावर निघालेले हजारो दुचाकीवाले, पाण्याचे टँकर, पीएमपीच्या बसगाड्या आणि बांधकामाचे डंपर असतात.

शिक्षणहक्क कायद्याला हे अंतर अपेक्षितच नव्हते. केंद्राच्या २०१० सालच्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे. म्हणजे लहान मुलाने चालत शाळेत जावे ही कल्पना. पण जवळची शाळा पालकांच्या मनातून उतरलेली असते. कधी तिथे शिक्षक पुरेसे नसतात, कधी ती सातवीलाच संपते, कधी नुसतीच ती 'कॉर्पोरेशनची' असते. दूरची शाळा निवडणे हा गुन्हा नाही. पण ती निवडताना आपण मुलासाठी रोजचा रस्ताही निवडत असतो, याचा हिशेब प्रवेशाच्या रांगेत उभे असताना कोणी करत नाही. फी विचारली जाते, निकाल विचारला जातो, रस्ता विचारला जात नाही.

आता या रस्त्यावरची जबाबदारी कोणाची, असे एकेकाला विचारून पाहावे. पालक म्हणतात, आम्ही महिन्याचे पैसे भरतो, नेणे-आणणे चाचांचे काम. शाळा म्हणते, ही पालकांची खाजगी व्यवस्था आहे, आमची जबाबदारी फाटकाच्या आत. चालक म्हणतो, रिक्षात किती मुले आहेत ते पालक रोज डोळ्यांनी बघतात, कोणी हरकत घेतली? वाहतूक पोलीस म्हणतात, आम्ही कारवाई केली की हेच पालक चौकात येऊन आमच्याशी भांडतात, मुलांना उशीर होतो म्हणून. परिवहन कार्यालयाचे म्हणणे, वर्षातून एकदा गाडी आमच्यापुढे येते तेव्हा ती नियमात असते, बाकीचे दिवस आम्ही कुठे कुठे बघणार? गंमत अशी की यातला कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या जागी खरे आहे, आणि सगळी खरी उत्तरे एकत्र केली की मुलाजवळ कोणीच उरत नाही.

नियम नाहीत असे म्हणायची सोय नाही. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि पंचवीसहून अधिक मुले गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेत वाहतुकीच्या सुरक्षेबद्दल कडक आदेश दिले. ही याचिका मुळात दिल्लीच्या हवेतल्या प्रदूषणाची. पण त्याच प्रकरणात शाळांच्या बसगाड्यांना ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, चालकाला वेगळा गणवेश, मुलांबरोबर जबाबदार माणूस अशा गोष्टी पुढे आल्या. महाराष्ट्र सरकारने २०११ साली शालेय बससाठी स्वतंत्र नियमच केले. त्यांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असावेत, पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, मोटार वाहन निरीक्षक आणि बसवाल्यांचा प्रतिनिधी तिच्यावर असावा, असे सांगितले आहे. शाळा आणि वाहतूकदार यांच्यात करार व्हावा असेही आहे. म्हणजे 'फाटकाच्या आत' हे शाळेचे उत्तर कायद्याने तेव्हाच खोडून काढले आहे. आता आपापल्या शाळेच्या या समितीवर पालकांचा प्रतिनिधी कोण आहे, हे वाचकांनी आठवून पाहावे. नाव आठवले तर उत्तमच.

त्या नियमांनी शाळेच्या बसला पिवळा रंगही दिला. या रंगाची एक हकीकत आहे. १९३९ साली अमेरिकेत फ्रँक सायर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये परिषद भरवली. शाळेच्या बसचे मापदंड ठरले आणि अंधूक उजेडातही चटकन दिसतो म्हणून हा पिवळा रंग ठरला. तिकडे ती पिवळी बस मुले उतरवायला थांबली आणि तिचा लाल फलक बाहेर आला की मागच्या आणि साधारणपणे समोरून येणाऱ्याही गाड्यांना जागच्या जागी थांबावे लागते. आपल्याकडे रंग आला, थांबणे आले नाही. पिवळी बस उभी राहिली की मागचे सगळे हॉर्न एकदम वाजू लागतात आणि बसच्या डाव्या बाजूने, जिथून मुले उतरतात तिथूनच, मोटारसायकली घुसतात.

असो. रस्ता आणि कायदा सोडून आपण आपल्याच परंपरेतल्या एका कल्पनेकडे वळू. फिकहमध्ये फर्जचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक फर्ज-ए-ऐन, म्हणजे ज्याचे त्याने करायचे, नमाज, रोजा. माझा रोजा दुसऱ्याने ठेवून चालत नाही. दुसरा फर्ज-ए-किफाया, म्हणजे समाजावर मिळून असलेला फर्ज. काही लोकांनी तो अदा केला तर बाकीचे सुटतात. जनाज्याची नमाज हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मोहल्ल्यात मय्यत झाली, पंचवीस माणसे जनाज्याला उभी राहिली, तर उरलेल्या मोहल्ल्यावर बोजा राहत नाही. पण कोणीच उभे राहिले नाही तर? तर, ज्यांना कळले होते आणि ज्यांना जाता येत होते ते सगळे गुन्हेगार.

या कल्पनेतली खरी गोम इथे आहे. कर्ज दहा जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा येतो. फर्ज-ए-किफाया तसा वाटला जात नाही. तो चुकला तर मोहल्ल्यातल्या हजार माणसांपैकी प्रत्येकावर गुन्ह्याचा हजारावा तुकडा येतो असे कोणत्याही आलिमाने सांगितलेले नाही. प्रत्येकावर तो पुरता येतो. जबाबदारी पैशासारखी भागली जात नाही, हे आपल्या बुजुर्गांना पक्के ठाऊक होते. शाळेच्या वाटेवरचे मूल पालक, शाळा, चालक, पोलीस आणि सरकार यांच्यात वाटले म्हणून कोणाच्या वाट्याला पाचवा हिस्सा मूल येत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला अख्खे मूल येते.

आणखी एक गोष्ट. किफायाची सूट मिळायला एक अट आहे: दुसऱ्या कोणी ते काम खरोखर केले आहे, हे कळलेले असले पाहिजे. जनाज्याच्या बाबतीत ते कळते. सफा दिसतात, माणसे खांदा देतात, कब्रस्तानातून परतणारे रस्त्यात भेटतात. मुलांच्या रस्त्याबाबत मात्र आपण न बघताच मानून चालतो. कोणीतरी गाडी तपासली असेल. शाळेने चौकशी केलीच असेल. एवढे लोक पाठवतात म्हणजे चाचा चांगलेच असतील. ते लोकही आपल्याकडे बघूनच पाठवत असतात, हे लक्षात येत नाही.

हरियाणातल्या एका अपघाताबद्दल इथे सांगणे जरुरीचे वाटते. तो शहरातला नाही, महेंद्रगढ जिल्ह्यात कनीनाजवळचा आहे. पण वर मांडलेला प्रश्न त्यात जसाच्या तसा उभा राहतो. तारीख ११ एप्रिल २०२४. त्या दिवशी ईदुल-फित्र होती, सरकारी सुट्टी होती, तरी शाळा भरवलेली होती. सकाळी मुलांना घेऊन निघालेली बस झाडावर आदळून उलटली आणि सहा मुले मृत्युमुखी पडली. चालक दारू प्यायलेला होता असे तपासात सांगण्यात आले. गाडीच्या योग्यतेच्या प्रमाणपत्राची मुदत २०१८ सालीच संपलेली होती. हे सगळे भयंकर आहे, पण अशा बातम्या आपण वाचत आलो आहोत. आम्हाला अस्वस्थ करते ती त्या वेळच्या बातम्यांतली दुसरी एक गोष्ट. अपघाताच्या थोडे आधी वाटेतल्या एका गावातल्या लोकांना चालकाची अवस्था दिसली होती. त्यांनी बस थांबवून चावी काढून घेतली. शाळेला फोन केला. शाळेकडून सांगण्यात आले की चालक बदलू, आत्ता गाडी जाऊ द्या. आणि चावी परत दिली गेली.

त्या चावी घेणाऱ्या माणसांचा विचार करावा. सहा वर्षे कागद तपासायला जे कोणी आले नाहीत त्यांच्यापेक्षा, रोज फी घेणाऱ्यांपेक्षा, त्यांनी कितीतरी जास्त केले. दुसऱ्याची मुले, दुसऱ्याची बस, तरी ते आडवे झाले. किफाया म्हणतात तो हाच. मग ते चावी परत का करते झाले? आम्हाला वाटते, कारण फोनवर एक 'जबाबदार' आवाज आला. ज्याची बस, ज्याची शाळा, त्याने सांगितले, म्हणजे आपला अधिकार संपला. त्या क्षणी त्यांच्या मनात जबाबदारी मालकाकडे परत गेली. त्यांना दोष द्यायचे धाडस आमच्याने होत नाही. त्यांच्या जागी आपल्यातले किती जण तेवढेही करते? पण नीतीच्या दृष्टीने पाहिले तर प्रसंगाचे मर्म तिथेच आहे. चावी ज्याच्या हातात, मूल त्याच्या हवाली. मालकी कोणाची, पद कोणाचे, पगार कोण देतो, हे प्रश्न मागाहून.

एक आक्षेप आम्हाला माहीत आहे. शेवटी जे व्हायचे ते होते, अल्लाह मालिक. ही अक्षरे कितीतरी रिक्षांच्या मागे रंगवलेली असतात आणि श्रद्धेने रंगवलेली असतात. त्यांच्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. उंट बांधण्याची ती प्रसिद्ध हदीस लहानपणापासून सर्वांनी ऐकलेली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. फक्त एवढेच की तवक्कुल हा दोरी बांधून झाल्यानंतरचा मुक्काम आहे. ब्रेक घसरलेल्या गाडीवर लिहिलेला तवक्कुल हा मुलांच्या जिवावर केलेला तवक्कुल असतो, आणि मुलांना कोणी विचारलेले नसते.

माणसे दीनदार असली म्हणजे मुले आपोआप सुरक्षित राहतात, हाही एक समज आहे. २०१९ सालच्या जूनमध्ये दुबईच्या अल-कूझ भागात धार्मिक शिक्षणाच्या केंद्रात जाणारा सहा वर्षांचा मुलगा बसमध्ये झोपून राहिला. बाकीची मुले उतरली, दरवाजा लागला, आणि आखाती उन्हात काही तासांनी तो मृत सापडला. सप्टेंबर २०२२ मध्ये कतारमधल्या अल-वक्रा इथे बालवाडीतली चार वर्षांची मुलगी अशीच गेली. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. दोन्ही मुले केरळच्या कुटुंबांतली. आपल्या कोकणातली कितीतरी कुटुंबे त्याच शहरांतून राहतात, त्यांची मुले तशाच बसमधून जातात, म्हणून ही दुःखे परकी नाहीत. त्या बसवरची माणसे वाईट होती असे मानायला काहीच आधार नाही. त्यांनी मागे जाऊन बघितले नाही, एवढेच.

त्याच सप्टेंबरात जपानमध्ये माकिनोहारा गावी तीन वर्षांची मुलगी बालवाडीच्या बसमध्ये राहून गेली. तिथल्या सरकारने एप्रिल २०२३ पासून अशा बसगाड्यांत एक साधन सक्तीचे केले. त्याच्या एका प्रकारात गाडी बंद केली की भोंगा वाजू लागतो, आणि तो बंद करायचे बटण बसच्या अगदी मागच्या टोकाला असते. चालकाला उठून, सगळ्या आसनांवरून नजर टाकत, शेवटपर्यंत चालत जावेच लागते. आम्हाला ही युक्ती फार आवडली. माणूस चांगला की वाईट या वादात ती पडत नाही. चांगला माणूसही थकतो, विसरतो, हे धरून ती चालते. आपल्याकडेही एका बाबतीत असे झाले. जुलै २०१४ मध्ये तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात मासाईपेटला, एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरला, पहारेकरी नसलेल्या फाटकावर मुलांच्या गाड्या रेल्वेखाली सापडल्या. चालकांना सावध राहायला सांगणारे फलक तिथे वर्षानुवर्षे होते. अखेर २०१९ च्या जानेवारीपर्यंत ब्रॉडगेजवरची अशी फाटकेच संपवण्यात आली. नुसत्या फलकांनी जे झाले नव्हते ते फाटके काढल्यावर झाले.

आता सर्वांत अवघड प्रश्न. समजा, उद्या पोलिसांनी खरोखरच रिक्षात तीनपेक्षा जास्त मुले दिसली की गाडी जप्त करायची असे ठरवले. नियम बरोबरच आहे. रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा असतो. पण मग काय होईल? समजा, चाचा मुलामागे महिना हजार रुपये घेतात आणि आठ मुले नेतात. त्यात गॅस, हप्ता, विमा आणि घर चालते. मुले निम्मी झाली तर भाडे दुप्पट करावे लागेल. ज्यांना परवडते ते भरतील. ज्या घरात तीन मुले आहेत आणि बाप हातगाडी लावतो, त्या घरात कोणाची शाळा आधी सुटेल? उत्तर आपल्याला माहीत आहे. मुलगा सायकलने जाईल, मुलीला सांगितले जाईल, सातवी झाली, पुष्कळ झाले. याच पुण्यात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाईंवर शेण पडले ते शाळेच्या वाटेवर. मुलीच्या शिक्षणाला पहिला अडथळा येतो तो रस्त्यातच, हे तेव्हापासून सगळ्यांना दिसते आहे.

म्हणून काही सुधारक मंडळी जेव्हा भरलेल्या रिक्षेचा फोटो दाखवून पालकांना मूर्ख ठरवतात, तेव्हा आम्हाला ते पटत नाही. त्या आईने धोका आणि अज्ञान यांत तोलून धोका पत्करलेला असतो. तिचा निर्णय अविचारी नाही. अन्याय असा की हा तराजू तिच्या एकटीच्या हातात दिला गेला. पैसेवाल्याच्या मुलाला बस, गरिबाच्या मुलाला फळीवर अर्धी जागा. म्हणजे सुरक्षितता ही आता फ्लॅटसारखी ऐपतीप्रमाणे विकत घ्यायची वस्तू झाली. दागिन्यांची अमानत सांभाळताना आपण गरिबाच्या चांदीच्या तोड्याला आणि श्रीमंताच्या सोन्याच्या हाराला वेगळे कुलूप लावत नाही.

पण म्हणून आठ मुलांची रिक्षा तशीच चालू द्यायची, हेही आम्हाला मान्य नाही. त्या दोन-चार जागांचा खर्च कोणी उचलायचा, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि तो हातगाडीवाल्या बापाने एकट्याने उचलायचा नाही. शाळा चालवणाऱ्या आपल्या संस्था इमारतीसाठी देणग्या जमवतात, एक मजला चढला की उद्घाटन करतात. त्याच संस्थेने एका बसचा खर्च अंगावर घेतल्याचे ऐकिवात क्वचित येते. मोहल्ल्यातल्या जमाती मशिदीला संगमरवर लावतात. जकातीतून हा खर्च करता येईल का, ते उलेमांनी सांगावे. सदका आणि इमदाद यांना तर कोणाची हरकत असायचे कारण नाही. मुलीला शाळेपर्यंत सुखरूप पोहोचवणे हे सवाबाचे काम आहे, असे जुम्याच्या बयानात एकदा तरी ऐकायला मिळावे, ही अपेक्षा फार मोठी नसावी.

आणि चाचा? त्याच्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय हा लेख अर्धवट राहील. अपघात झाला की सगळे बोट त्याच्याकडे जाते, आणि कधी कधी ते योग्यही असते. पण एरवी तो आपल्याच वस्तीतला, आपल्याच मशिदीत येणारा गरीब माणूस असतो. पहाटे उठून तो दुसऱ्यांच्या मुलांना उठवत गल्लोगल्ली फिरतो. कोणाचे बूट घालतो, कोणाची रडारड थांबवतो. मे महिन्याचे पैसे द्यायचे की नाही यावर त्याच्याशी दर वर्षी वाद घातला जातो. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि लहान मुलांच्या वर्ग-शाळा सुरळीत व्हायला जवळजवळ दोन वर्षे गेली. त्या काळात कितीतरी वर्दीवाल्यांनी गाड्या विकल्या, भाजी विकली. त्यांचे घर कसे चालले असेल हे किती घरांनी विचारले? तापाने फणफणला तरी तो गाडी काढतो, कारण बदली माणूस ठेवायची सोय कोणी केलेली नाही, आणि एक खाडा झाला तर पैसे कापले जातात. आपण सारा धोका सर्वांत कमी पैसे मिळवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवतो आणि मग त्याने फरिश्त्यासारखे वागावे अशी अपेक्षा करतो.

याच्याच शेजारी दुसरी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल आपल्या घरांत बोलायला जीभ रेटत नाही. रिक्षा किंवा व्हॅन ज्या क्रमाने मुले सोडत जाते, त्यात कोणीतरी एक मूल शेवटचे असते. शेवटची दहा मिनिटे ते मूल आणि चालक, दोघेच असतात. २०११ च्या नियमांनी मुली असलेल्या बसमध्ये महिला मदतनीस सांगितली आहे. रिक्षात आणि छोट्या व्हॅनमध्ये कोण असणार? सगळे चालक संशयित आहेत असे मानणे हा त्यांच्यावर मोठा जुलूम होईल. पण शेवटी उतरणारी मुलगी पाच वर्षांची नसावी, एकाच इमारतीतली दोन मुले शेवटची ठेवावीत, एवढे ठरवायला कोणावर संशय घ्यावा लागत नाही. प्रामाणिक चालकाला तर हे आधी हवे असते. त्याचीही इज्जत त्यात सांभाळली जाते. इज्जतीच्या नावाने गप्प बसणे आणि इज्जत राखणे यात फरक आहे. मुलगी एखाद्या दिवशी 'मी रिक्षाने जाणार नाही' म्हणाली तर तिला दटावण्याआधी का ते विचारावे, हे अम्मी-अब्बांना सांगायला कायदा लागू नये.

शेवटी शुक्रवारचा प्रसंग. अनेक उर्दू शाळा जुम्यामुळे लवकर सुटतात. साडेबारा-एकच्या सुमारास चाचा मुले घेऊन निघतात, वाटेत अजान होते. आता त्यांनी काय करावे? काही जण मुलांना रिक्षातच बसवून, 'हलू नका रे' म्हणून, मशिदीत जातात. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, सात-आठ मुले, आणि किल्ली कधी कधी गाडीलाच. काही जण नमाज हुकू नये म्हणून गाडी भरधाव हाकतात आणि मुलांना कशीबशी दारात उतरवतात. दोघेही बिचारे खुदाच्या फर्जासाठीच धावत असतात. फिकहच्या ग्रंथांत, ज्याला सोडून गेल्यास रुग्णाचे हाल होतील अशा शुश्रूषा करणाऱ्याला जुम्याची सवलत सांगितली आहे. सात मुले हाती असलेल्या माणसाला ती लागू आहे की नाही, हे एखाद्या मुफ्तीसाहेबांनी मोहल्ल्यातल्या रिक्षावाल्यांना बोलावून स्पष्ट सांगायला हवे. पण तोपर्यंत थांबायचेही कारण नाही. मशिदीला सहन असतो, तिथे सावली आणि पाणी असते. जुमा बायकांवर फर्ज नाही. त्या वेळी गल्लीतल्या दोन आया पाळीपाळीने सहनात येऊन बसल्या, मुले मोजून घेतली आणि सलाम फिरल्यावर मोजून परत दिली, तर चाचांची नमाजही होते. कोणत्या शुक्रवारी कोणाची पाळी, ते एका कागदावर लिहून मशिदीच्या फलकावर लावता येईल. नमाजच्या वेळा तिथे लिहिलेल्या असतातच.